अनुरूपता परिकल्पनेची बेझीय चाचणी

अनुरूपता परिकल्पनेची बेझीय चाचणी हा सामाजिक शास्त्रांत वापरल्या जाणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा एक गट आहे. दोन स्वतंत्र चलांची मूल्ये एकमेकांशी जुळली की तिसऱ्या, अवलंबी चलाचे मूल्य सर्वाधिक (किंवा सर्वांत कमी) असते, अशा विधानाला अनुरूपता परिकल्पना म्हणतात. कर्मचाऱ्याला हवे असलेले स्वातंत्र्य आणि कामात प्रत्यक्ष मिळणारे स्वातंत्र्य सारखे असेल तर त्याचे समाधान सर्वाधिक असते, हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. अशा परिकल्पनेत काही सहगुणक धन वा ऋण असावेत एवढीच अपेक्षा नसते. काही सहगुणक शून्य असावेत किंवा परस्परांशी समान असावेत, असाही तिचा दावा असतो. पारंपरिक सार्थकता चाचणी शून्य परिकल्पना फेटाळू शकते, परंतु तिच्या बाजूने पुरावा देऊ शकत नाही. बेझीय पद्धतीत असा पुरावा मोजता येतो. त्यासाठी पूर्व वितरणाची निवड करावी लागते आणि तिचे समर्थनही द्यावे लागते.

संकल्पना

व्यक्ती आणि परिस्थिती यांच्या जुळणीचा विचार संख्याशास्त्रीय चाचण्यांहून जुना आहे. अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या व्यवसायनिवडीवरील पुस्तकात व्यक्तीचे गुण आणि व्यवसायाच्या मागण्या यांचा मेळ घालण्याची कल्पना मांडलेली आहे. कुर्ट लेविन यांनी १९३६ साली वर्तन हे व्यक्ती व पर्यावरण या दोहोंचे फलन असल्याचे सूत्र दिले. १९७० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातील जॉन फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यक्ती-पर्यावरण अनुरूपतेचा सिद्धांत कामाच्या ताणाला लागू केला. १९८२ साली फ्रेंच, रॉबर्ट कॅपलन व व्हॅन हॅरिसन यांनी या विषयावरील आपले विस्तृत संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

याच घडणीचे प्रश्न इतर शाखांतही आढळतात. जोडीदारांचे स्वभाव सारखे असल्याने वैवाहिक समाधान वाढते का, आणि स्वतःच्या बुद्धिमत्तेविषयीची समजूत प्रत्यक्ष बुद्धिमत्तेच्या जवळ असणे हितकारक असते का, हे मानसशास्त्रातील प्रश्न आहेत. राज्यशास्त्रात अँथनी डाउन्स यांच्या १९५७ च्या ग्रंथातून पुढे आलेल्या निकटता सिद्धांतानुसार मतदार आपल्या भूमिकेच्या सर्वांत जवळच्या पक्षाला पसंती देतो. जॉर्ज रॅबिनोविट्झ आणि स्टुअर्ट मॅकडोनाल्ड यांनी १९८९ साली मांडलेल्या दिशा सिद्धांतात अंतराला महत्त्व नाही. तटस्थ बिंदूच्या कोणत्या बाजूला आणि किती तीव्रतेने मतदार व पक्ष उभे आहेत, हे तेथे महत्त्वाचे मानले जाते. पहिल्या सिद्धांतात पसंती दोन भूमिकांतील फरकाच्या वर्गाबरोबर घटते, तर दुसऱ्यात ती त्यांच्या गुणाकाराबरोबर वाढते. दोन्ही विधाने एकाच समीकरणाची विशेष रूपे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडते.

फरकगुण आणि त्यांचे दोष

जुळणी मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका चलातून दुसरा वजा करणे. पहिला चल क्ष (हवे असलेले स्वातंत्र्य) आणि दुसरा य (मिळणारे स्वातंत्र्य) मानला, तर क्ष−य, त्याचे निरपेक्ष मूल्य किंवा त्याचा वर्ग हा फरकगुण म्हणून घेतला जातो व त्याचा समाधानाशी असलेला सहसंबंध काढला जातो. अनेक दशके हीच रीत प्रचलित होती. ली क्रॉनबॅक यांनी १९५८ साली सामाजिक संवेदनाच्या संदर्भात आणि पुढे १९७० साली लीटा फर्बी यांच्यासमवेत बदलाच्या मापनाच्या संदर्भात अशा गुणांवर कठोर टीका केली, तरीही ती रीत चालू राहिली.

फरकगुणाचा पहिला दोष विश्वसनीयतेचा आहे. क्ष आणि य यांची प्रमाण विचलने समान असतील, तर फरकाची विश्वसनीयता ही दोघांच्या सरासरी विश्वसनीयतेतून त्यांचा सहसंबंध वजा करून, आलेल्या संख्येला एक वजा सहसंबंधाने भागले असता मिळते. दोन्ही मापने ०.८ विश्वसनीयतेची आणि त्यांचा सहसंबंध ०.६ असेल, तर फरकाची विश्वसनीयता ०.२ भागिले ०.४ म्हणजे केवळ ०.५ उरते. चांगल्या दोन मापनांतून असे एक सुमार मापन तयार होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण त्यामुळे निष्कर्षच उलटू शकतो. समजा समाधान केवळ मिळणाऱ्या स्वातंत्र्यावर अवलंबून आहे आणि हव्या असलेल्या स्वातंत्र्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. दोन्ही चल परस्परांशी असंबद्ध व समान प्रमाण विचलनाचे असतील आणि य चा समाधानाशी सहसंबंध ०.५ असेल, तर य−क्ष या फरकाचा समाधानाशी सहसंबंध ०.५ भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.३५ येतो. सामाजिक शास्त्रांत हा आकडा लक्षणीय मानला जातो. ज्या चलाचा काहीही वाटा नाही, तो फरकाच्या आड राहून परिणामाचा भागीदार ठरतो आणि जुळणीचा परिणाम सिद्ध झाल्याचे जाहीर केले जाते. शिवाय फरक शून्य असलेल्या सर्व व्यक्ती एकाच खान्यात पडतात. सातपैकी एक गुण हवा असणारा व एकच मिळणारा कर्मचारी आणि सात हवे असणारा व सातही मिळणारा कर्मचारी यांच्यात कोणताही भेद राहत नाही. असा भेद खरोखर नसतो का, हे तपासण्याची सोयच फरकगुणात नाही.

बहुपदी समाश्रयण आणि प्रतिसाद पृष्ठभाग

जेफ्री एडवर्ड्स आणि मार्क पॅरी यांनी १९९३ साली फरकगुणाऐवजी द्विघाती बहुपदी समाश्रयण वापरण्याचा प्रस्ताव मांडला. एडवर्ड्स यांनी १९९४ च्या लेखात त्याचा विस्तार केला. समीकरण असे आहे:

झ = ब० + ब१·क्ष + ब२·य + ब३·क्ष² + ब४·क्ष·य + ब५·य² + त्रुटी

येथे झ हा अवलंबी चल आहे. क्ष व य एकाच मोजपट्टीवर मोजलेले असावे लागतात आणि सामान्यतः त्या पट्टीचा मध्यबिंदू शून्य धरला जातो. हे समीकरण त्रिमितीय अवकाशात एक पृष्ठभाग दर्शवते. तो कधी घुमटासारखा, कधी खोगिरासारखा, तर कधी डोंगराच्या लांबलचक धारेसारखा दिसतो. अशा पृष्ठभागांच्या अभ्यासाचे तंत्र मूळचे औद्योगिक रसायनशास्त्रातील असून त्याचा आरंभ जॉर्ज बॉक्स आणि के. बी. विल्सन यांच्या १९५१ च्या निबंधापासून मानला जातो. रासायनिक प्रक्रियेचे उत्पादन कोणत्या परिस्थितीत सर्वाधिक होते, हा तेथील प्रश्न होता.

पृष्ठभागावरील दोन रेषा महत्त्वाच्या असतात. क्ष = य या रेषेला अनुरूपता रेषा म्हणतात. तिच्यावर दोन्ही मूल्ये जुळलेली असतात. क्ष = −य ही विसंगती रेषा होय. तिच्यावर मध्यबिंदूपासून दूर जावे तसतशी दोन मूल्यांतील तफावत वाढत जाते. अनुरूपता रेषेवरील पृष्ठभागाचा मध्यबिंदूपाशी उतार अ१ = ब१ + ब२ आणि वक्रता अ२ = ब३ + ब४ + ब५ असते. विसंगती रेषेवरील उतार अ३ = ब१ − ब२ आणि वक्रता अ४ = ब३ − ब४ + ब५ असते. जुळणीमुळे झ सर्वाधिक होतो असा दावा असेल, तर अ४ ऋण असला पाहिजे, म्हणजे विसंगती रेषेवर पृष्ठभाग दोन्ही बाजूंना खाली झुकला पाहिजे. परंतु एवढे पुरेसे नसते. पृष्ठभागाची धार नेमकी अनुरूपता रेषेवरून जाण्यासाठी ब३ = ब५ आणि ब१ = ब२ असावे लागते. जुळणीची पातळी कोणतीही असली तरी परिणाम सारखाच राहतो, असा काटेकोर दावा असेल, तर अ१ व अ२ हेही शून्य असावे लागतात. या सर्व अटी एकत्र केल्या म्हणजे समीकरण झ = ब० + ग(क्ष − य)² असे आकुंचन पावते आणि ग ऋण असतो. त्या वेळी ब१ = ब२ = ०, ब३ = ब५ = ग आणि ब४ = −२ग होते. म्हणजे वर्ग-फरकाचा गुण वापरणारा संशोधक नकळत चार समता-अटी गृहीत धरत असतो. एडवर्ड्स यांच्या पद्धतीत त्या अटी उघड होतात आणि त्यांची चाचणी घेता येते.

एडवर्ड्स व हॅरिसन यांनी १९९३ सालीच फ्रेंच व सहकाऱ्यांचा जुना विदा त्रिमितीय पृष्ठभागांच्या रूपात पुन्हा तपासला. फरकगुणांमुळे झाकले गेलेले संबंधांचे आकार त्यातून समोर आले. मूळ संशोधकांपैकी एक जण या फेरतपासणीत सहलेखक होता, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

सार्थकता चाचणीची मर्यादा

बहुपदी पद्धतीने प्रश्न नेमका झाला, पण उत्तर देण्याचे साधन जुनेच राहिले. प्रचलित रीतीनुसार अ४ सार्थकरीत्या ऋण असला आणि उरलेल्या अटींमधील राशी (अ१, अ२, अ३ तसेच ब३ − ब५) शून्यापासून सार्थकरीत्या वेगळ्या नसल्या, तर अनुरूपता परिकल्पनेला पाठिंबा मिळाला असे मानले जाते. या नियमाचा दुसरा भाग तर्कदृष्ट्या दुबळा आहे. पी-मूल्य मोठे येणे याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. फरक असूनही तो दिसण्याइतका विदा नसणे, हेही त्याचे कारण असू शकते. साठ कर्मचाऱ्यांच्या नमुन्यात जवळजवळ कोणतीही समता-अट ‘फेटाळली गेली नाही’ असे आढळते. दोन हजारांच्या नमुन्यात अ१ चे मूल्य नगण्य असूनही ते सार्थक ठरू शकते व परिकल्पना बाद होते. त्यामुळे काळजीपूर्वक केलेले मोठे संशोधन परिकल्पनेच्या विरोधात जाते आणि तोकडे संशोधन तिला अनुकूल ठरते. पुराव्याच्या कोणत्याही शहाण्या नियमाकडून याच्या उलट अपेक्षा असते.

माहिती-निकषांवर (उदा. अकाइके निकष) आधारित प्रतिमान-तुलना हा या अडचणीवरचा एक उपाय आहे आणि व्यक्तिमत्त्व मानसशास्त्रात तो वापरलाही गेला आहे. दुसरा उपाय बेझीय आहे.

बेझीय मांडणी

थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड प्राइस यांच्या प्रयत्नाने १७६३ साली प्रसिद्ध झाला. परिकल्पनांच्या चाचणीसाठी त्यातील तत्त्वाचा पद्धतशीर वापर मात्र हॅरल्ड जेफ्रीज या ब्रिटिश भूभौतिकीतज्ज्ञाने केला. त्यांच्या संभाव्यताविषयक ग्रंथाची पहिली आवृत्ती १९३९ साली निघाली. या मांडणीत प्रत्येक अज्ञात सहगुणकाला विदा पाहण्यापूर्वी एक पूर्व वितरण दिले जाते. विदा हाती आल्यानंतर ते बदलून उत्तर वितरण मिळते. दोन प्रतिमानांची तुलना करताना प्रत्येक प्रतिमानाने हाती आलेल्या विद्याचे भाकीत किती चांगले केले होते, ते पाहिले जाते. या दोन भाकितांच्या गुणोत्तराला बेझ घटक म्हणतात. बेझ घटक १० असेल, तर विदा पहिल्या प्रतिमानाखाली दुसऱ्याच्या दहापट संभाव्य होता. तो ०.१ असेल, तर स्थिती नेमकी उलट असते. १ च्या आसपासचे मूल्य विदा अनिर्णायक असल्याचे दाखवते. ‘परिणाम नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन स्थितींतील हा भेद पी-मूल्याच्या भाषेत करता येत नाही. रॉबर्ट कास आणि एड्रियन रॅफ्टरी यांनी १९९५ साली सुचवलेल्या श्रेणीनुसार ३ पर्यंतचा बेझ घटक उल्लेखापुरताच, ३ ते २० ठोस, २० ते १५० प्रबळ आणि १५० च्या पुढचा अतिप्रबळ पुरावा समजला जातो. या सीमा सोयीच्या आहेत, नैसर्गिक नव्हेत.

अनुरूपतेच्या प्रश्नात तुलनेसाठी साधारणपणे पुढील प्रतिमाने घेतली जातात: दोन्ही चलांचा काहीच परिणाम नाही असे शून्य प्रतिमान, ब३ ते ब५ शून्य असलेले केवळ रेषीय प्रतिमान, चारही समता-अटी पाळणारे वर्ग-फरक प्रतिमान आणि कोणतीही अट नसलेले पूर्ण प्रतिमान. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पूर्ण प्रतिमानाच्या तुलनेत पहिल्या तिघांचे बेझ घटक अनुक्रमे ०.२, ६ आणि १२.८ आले आणि चारही प्रतिमाने आरंभी समान संभाव्य मानली, तर उत्तर संभाव्यता ०.०१, ०.३०, ०.६४ आणि (पूर्ण प्रतिमानासाठी) ०.०५ अशा येतात. वर्ग-फरक प्रतिमान आघाडीवर आहे, पण त्याच्या विरोधात अजून ०.३६ इतकी संभाव्यता शिल्लक आहे. ‘परिकल्पना सिद्ध झाली’ या वाक्यापेक्षा हे आकडे जास्त प्रामाणिक आहेत. मतदारांच्या विद्यावर निकटता आणि दिशा हे दोन सिद्धांतही असेच समोरासमोर ठेवता येतात. दिशा सिद्धांताच्या प्रतिमानात केवळ ब४ हा धन सहगुणक उरतो आणि ब३ व ब५ शून्य असतात, तर निकटता सिद्धांतात ते दोन्ही ऋण असतात.

समता-अटींची चाचणी

एखादा सहगुणक शून्य आहे या अटीसाठी बेझ घटक काढण्याचा एक सुटसुटीत मार्ग जेम्स डिकी यांनी १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केला. लेनर्ड सॅव्हेज यांच्या नावाशी जोडून त्याला सॅव्हेज-डिकी गुणोत्तर म्हणतात. पूर्ण प्रतिमानातील उत्तर वितरणाची शून्यापाशी असलेली घनता भागिले पूर्व वितरणाची तेथील घनता, एवढेच हे गणित आहे. विदा पाहिल्यानंतर शून्य हे मूल्य पूर्वीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटू लागले, तर गुणोत्तर १ पेक्षा मोठे येते.

अ१ साठी पूर्व वितरण प्रसामान्य, मध्य ० आणि प्रमाण विचलन १ असे घेतले, तर शून्यापाशी त्याची घनता ०.३९९ असते. विद्यानंतरचे वितरण मध्य ०.०५ आणि प्रमाण विचलन ०.१ असे आले, तर शून्यापाशी त्याची घनता सुमारे ३.५२ असते. भागाकार सुमारे ८.८ येतो, म्हणजे अ१ = ० या अटीला ठोस पाठिंबा आहे. नेहमीच्या चाचणीत हाच निकाल ‘सार्थक नाही’ एवढ्या दोन शब्दांत संपला असता.

आता विदा तोच ठेवून पूर्व वितरणाचे प्रमाण विचलन १ ऐवजी १० केले, तर बेझ घटक सुमारे ८८ होतो. ते ०.२ केले, तर तो जेमतेम २ राहतो. सहगुणकाचा अंदाज या तिन्ही वेळा ०.०४ ते ०.०५ च्या दरम्यानच असतो, पण शून्य अटीच्या बाजूचा पुरावा चाळीसपटीहून अधिक बदलतो. पूर्व वितरण जितके पसरट, तितके ते मोठ्या व अवास्तव मूल्यांवर आपला भार वाया घालवते आणि शून्य प्रतिमान आपोआप सरस दिसू लागते. डेनिस लिंडली यांनी १९५७ साली चर्चिलेला विरोधाभास याच गुणधर्माशी निगडित आहे. ‘काहीच ठाऊक नाही, म्हणून अतिशय पसरट पूर्व वितरण घेतले’ हे विधान अंदाजासाठी निरुपद्रवी असले, तरी चाचणीसाठी ते घातक ठरते.

अनुरूपतेच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. चाचणी होते ती अ१ ते अ४ या बेरजा-वजाबाक्यांची, तर पूर्व वितरणे बहुधा ब१ ते ब५ यांना दिली जातात. ब३, ब४ व ब५ यांना एकमेकांपासून स्वतंत्र व प्रमाण विचलन १ असलेली वितरणे दिली, तर अ४ चे पूर्व प्रमाण विचलन ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.७३ होते. संशोधकाने एक निवड केलेली असते आणि चाचणीत दुसरीच वापरली जाते. म्हणून सहगुणकांवरील पूर्व वितरणातून किती उंच-सखल पृष्ठभाग निर्माण होतात, याची चित्रे विदा पाहण्यापूर्वीच काढून तपासणे इष्ट मानले जाते. समाधानाची पट्टी १ ते ७ असताना त्या चित्रांत १०० च्या घरातील समाधान दिसू लागले, तर पूर्व वितरण बदलावे लागते.

पूर्व वितरणाची निवड अंशतः विद्यावरच सोपवण्याचा प्रयत्न अँथनी ओ’हेगन यांनी १९९५ साली मांडलेल्या अंशात्मक बेझ घटकात दिसतो. यात विद्याचा एक लहान अंश पूर्व वितरण घडवण्यासाठी खर्च केला जातो आणि उरलेल्यावर तुलना होते. त्यावर आधारलेली पद्धत हर्बर्ट होइटिंक, योरिस मुल्डर, शिन गू व सहकाऱ्यांनी विकसित केली असून ‘आर’ या संगणकभाषेतील ‘बेन’ या संचात ती उपलब्ध आहे.

विषमता-अटींची चाचणी

अ४ ऋण आहे, अशा अटीसाठी आइरिन क्लुगकिस्ट, ऑलाव लाउडी आणि होइटिंक यांनी २००५ साली मांडलेली समावेशक पूर्व वितरणाची पद्धत वापरली जाते. पूर्ण प्रतिमानाच्या पूर्व वितरणाचा किती भाग अटीत बसतो आणि उत्तर वितरणाचा किती भाग बसतो, हे मोजले जाते. दुसऱ्याला पहिल्याने भागले की अटयुक्त प्रतिमानाचा पूर्ण प्रतिमानाविरुद्धचा बेझ घटक मिळतो. पूर्व वितरण शून्याभोवती सममित असेल, तर अ४ ऋण असण्याचा पूर्व भाग नेमका ०.५ असतो, मग त्याचा पसरटपणा कितीही असो. समता-अटींना जाचणारी अडचण त्यामुळे येथे बरीच सौम्य होते. उत्तर वितरणाचा ०.९८ भाग ऋण बाजूला पडला, तर बेझ घटक १.९६ येतो. ही संख्या लहान दिसते, परंतु एकाच विषमता-अटीत ती २ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण पूर्ण प्रतिमानातही ऋण मूल्ये समाविष्ट आहेत. योग्य तुलना ‘अ४ ऋण नाही’ या विरुद्ध विधानाशी करायची असते. ती केली असता ०.९८ भागिले ०.०२, म्हणजे ४९ हा आकडा मिळतो.

स्वतःविषयीच्या समजुतीचे संशोधन हे या पद्धतीसाठी सोयीचे क्षेत्र आहे. स्वतःला आहे त्याहून बुद्धिमान समजणे लाभदायक असते, या दाव्याची तपासणी अनेकदा फरकगुणाने झाली. साराह हुमबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली असे दाखवले की अतिशयोक्त समजुतीचा परिणाम सिद्ध करायचा असेल, तर समजुतीचा सहगुणक धन आणि त्याच वेळी प्रत्यक्ष क्षमतेचा सहगुणक ऋण असावा लागतो. केवळ पहिली अट पाळली गेली, तर लाभ सकारात्मक समजुतीचा असतो, अतिशयोक्तीचा नव्हे. या दुहेरी अटीची बेझीय चाचणी सोपी आहे. पूर्व वितरणे स्वतंत्र व सममित असतील, तर दोन्ही अटी पाळल्या जाण्याचा पूर्व भाग ०.२५ असतो. उत्तर भाग ०.६० आला, तर पूर्ण प्रतिमानाविरुद्ध बेझ घटक २.४ आणि विरुद्ध विधानाच्या तुलनेत ४.५ येतो. सामान्य माणसाच्या आत्मविश्वासाविषयी मोठी विधाने करण्यापूर्वी आणखी विदा गोळा करावा, असे सुचवणारा हा आकडा आहे.

काटेकोर अनुरूपता परिकल्पनेत समता आणि विषमता या दोन्ही प्रकारच्या अटी असतात. त्यांचा बेझ घटक दोन टप्प्यांत काढता येतो: आधी समता-अटींचा, नंतर त्या पाळल्या गेल्या आहेत असे धरून विषमता-अटीचा. दोहोंचा गुणाकार हे अंतिम उत्तर असते.

विद्याशी संबंधित अडचणी

व्यक्ती आपल्याला रुचणारी परिस्थिती निवडतात, त्यामुळे क्ष आणि य यांच्यात बहुधा बराच सहसंबंध असतो. प्रमाणित केलेल्या दोन चलांचा सहसंबंध ०.८ असेल, तर त्यांच्या बेरजेचे प्रचरण ३.६ आणि फरकाचे ०.४ असते. म्हणजे विदा अनुरूपता रेषेच्या दिशेने विसंगती रेषेच्या तिप्पट पसरलेला असतो. परिकल्पनेचा मुख्य दावा विसंगती रेषेवरील वक्रतेविषयी आहे आणि नेमकी तेथेच माणसे विरळ असतात. अशा वेळी अ४ चे उत्तर वितरण पूर्व वितरणाच्या बरेच जवळ राहते. पारंपरिक आलेखात संगणक त्या रिकाम्या प्रदेशावरही गुळगुळीत पृष्ठभाग रंगवतो आणि वाचक त्यावर विश्वास ठेवतो. उत्तर वितरणातून काढलेले अनेक पृष्ठभाग एकावर एक दाखवले, तर कोपऱ्यांतील अनिश्चितता डोळ्यांना दिसते.

मापनदोषांचा परिणाम वर्ग आणि गुणाकाराच्या पदांत वाढतो. क्ष व य असंबद्ध, मध्यबिंदूवर केंद्रित, प्रसामान्य आणि प्रत्येकी ०.८ विश्वसनीयतेचे असतील, तर त्यांच्या गुणाकाराची विश्वसनीयता ०.६४ असते. त्यामुळे ब४ खऱ्या मूल्यापेक्षा लहान दिसतो आणि पृष्ठभाग सपाट होतो. बेझीय प्रतिमानात खरे मूल्य हा अज्ञात चल मानून मापनदोषही त्याच गणितात समाविष्ट करता येतो. जोडप्यांचा किंवा एकाच कार्यालयातील अनेक कर्मचाऱ्यांचा विदा असेल, तर बहुस्तरीय रचनाही त्यात घेता येते. मार्कोव्ह साखळी माँटे कार्लो या नमुनापद्धतीमुळे असे गणित व्यवहार्य झाले. ही पद्धत १९५३ साली भौतिकशास्त्रात उगम पावली आणि ॲलन गेलफँड व एड्रियन स्मिथ यांच्या १९९० च्या निबंधानंतर संख्याशास्त्रात रुळली. ‘स्टॅन’ या संगणकप्रणालीत आणि तिच्यावर आधारलेल्या ‘ब्रम्स’ या ‘आर’मधील संचात बहुपदी समाश्रयण काही ओळींत मांडता येते.

टीका

बेझ घटकाला बेझीय संख्याशास्त्रज्ञांतही एकमुखी मान्यता नाही. १९९५ साली समाजशास्त्रीय पद्धतींच्या एका वार्षिकात रॅफ्टरी यांनी सामाजिक संशोधनात बेझीय प्रतिमान-निवडीचा पुरस्कार केला. त्याच खंडात अँड्र्यू गेलमन आणि डोनाल्ड रुबिन यांनी अशी निवड टाळावी असा प्रतिवाद केला. सामाजिक जगात कोणताही सहगुणक नेमका शून्य नसतो, म्हणून शून्य आहे का असे विचारण्यापेक्षा तो किती मोठा आहे हे सांगावे, अशी या मताची दिशा आहे. जॉन क्रुश्के यांनी सुचवलेली पद्धत या दोन टोकांच्या मध्ये बसते. शून्याभोवती व्यवहारतः नगण्य असा एक पट्टा आधीच ठरवायचा आणि उत्तर वितरणाचा सर्वाधिक विश्वसनीय भाग त्यात पूर्णपणे सामावतो का, ते पाहायचे. अनुरूपतेच्या संशोधनात हा मार्ग उपयुक्त आहे, कारण धार अनुरूपता रेषेपासून रेसभर सरकली म्हणून व्यक्ती-पर्यावरण सिद्धांत कोसळत नाही.

दुसरी टीका अशी की प्रतिमान-तुलना सापेक्ष असते. निरपेक्ष फरकाचा परिणाम दाखवणारा पृष्ठभाग अनुरूपता रेषेवर टोकदार असतो आणि द्विघाती समीकरणात तो बसत नाही. तोच खरा असेल, तर यादीतील सर्व प्रतिमाने चुकीची असूनही त्यांतील एकाला ०.९ उत्तर संभाव्यता मिळू शकते. प्रतिमानातून कृत्रिम विदा निर्माण करून त्याची प्रत्यक्ष विद्याशी तुलना करणे हा यावरचा नेहमीचा उपाय आहे.

मोजपट्टीचा प्रश्न मात्र कोणत्याही पूर्व वितरणाने सुटत नाही. ‘तुम्हाला किती स्वातंत्र्य हवे’ या प्रश्नाला दिलेला पाच आणि ‘किती मिळते’ या प्रश्नाला दिलेला पाच हे एकच परिमाण आहे, असे मानले तरच क्ष = य या रेषेला अर्थ असतो. हवे असलेले सांगताना माणसे पट्टीच्या वरच्या टोकाकडे झुकत असतील, तर खरी अनुरूपता दुसऱ्याच रेषेवर असते आणि ब१ = ब२ ही अट त्या कारणानेच मोडते. दोन्ही चल प्रत्येकाच्या स्वतंत्र सरासरीने व प्रमाण विचलनाने प्रमाणित करण्याची सवय हा दोष दूर करत नाही. त्या प्रक्रियेत क्ष = य चा अर्थ ‘हवे तेवढे मिळणे’ असा न राहता ‘हवे असण्यात आणि मिळण्यात इतरांच्या तुलनेत सारखाच क्रम असणे’ असा होतो.